पहिला प्रोजेक्ट: घरखर्चाचं वेब अ‍ॅप. तुमचे अनुभव लिहा

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत कोडिंग शिकणारे आता घरोघरी सापडतात, आणि पहिला प्रोजेक्ट म्हणून बरेच जण जमाखर्चाचं अ‍ॅपच करतात. हिशेब सगळ्यांना कळतो, चुकला तर लगेच दिसतो, वापरणारं माणूसही घरातच असतं. केलं असेल त्यांनी लिहा: कुठे अडलं, कसं सुटलं, घरात कुणी वापरतंय का. ट्यूटोरियल बघून जसंच्या तसं उतरवलं असेल तर राहू द्या.

सुदामानगर
जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत केलं. रकान्यात टाइप केलेली रक्कम तिच्या लेखी अक्षरं असतात, आकडा नाही. म्हणून भाजी २०० आणि दूध ५० मिळून एकूण २००५०. नंबरमध्ये बदलून घेतलं की ते मिटतं. पैशांचं दुखणं मात्र चिवट. ०.१ अधिक ०.२ विचारा, उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. संगणक आकडे शून्य-एकच्या द्विमान पद्धतीत ठेवतो, तीत एक दशांश पुरता मांडताच येत नाही. म्हणून सगळं रुपयांत नाही, पैशांत साठवायचं, साडेबावन्न रुपये म्हणजे ५२५०, आणि दाखवताना १०० ने भागायचं. तेही जपून, कारण १९.९९ गुणिले १०० केलं तर १९९८ च्या पुढे नव्वांची रांग लागते. राउंड करून मगच साठवा.

रामबाग
मी गृहिणी, मुलगा शाळेत गेला की शिकते. कोड जमला, पण घरचा पैसा काही त्यात बसेना. ट्यूटोरियलात कप्पे दोनच, जमा आणि खर्च. मग भिशी कुठे टाकायची? दरमहा जातो तो हप्ता खर्च नाही, आणि आपली भिशी लागली की हातात येते ती कमाई नाही. पण आलेखात त्या महिन्याचा खांब एवढा उंच, की हे म्हणाले, "माझा पगार वाढला आणि मलाच ठाऊक नाही?" एटीएमचं तसंच. काढले तेव्हा खर्च, त्यातून भाजी घेतली तेव्हा पुन्हा खर्च. शेवटी प्रत्येक नोंदीला 'कुठून' आणि 'कुठे' असे दोन रकाने केले. बँकेतून पाकिटात, पाकिटातून भाजीत, बँकेतून भिशीत. घरच्याच कप्प्यात राहतो तो पैसा खर्चात धरायचा नाही. सासरे मिलमध्ये अकाउंट्सला होते. बघून म्हणाले, "सूनबाई, ही तर द्विनोंदी. आम्ही वहीत हेच करायचो."

रामबागच्या ताईंना, सीएचा विद्यार्थी
सासरे बरोबर आहेत. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची हीच रीत लुका पाचोलीने १४९४ साली छापून ठेवली. एकच सांगतो, शिल्लक साठवू नका, दर वेळी नोंदींवरून मोजा. जुनी नोंद बदलली की साठवलेली शिल्लक खोटी पडते.

विजयनगर
तारखांवर कुणीच लिहिलं नाही? महिनाअखेरच्या रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जा, बारा वाजून गेल्यावर भुट्ट्याचा कीस खा आणि तिथेच नोंद करा. खर्च पडतो गेल्या महिन्यात! जावास्क्रिप्टची टू-आयएसओ-स्ट्रिंग ही तारीख लिहून देणारी आज्ञा जागतिक वेळ देते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे पहाटे साडेपाचपर्यंतचं सगळं आदल्या दिवशी जातं. दिवस, महिना, वर्ष स्थानिक वेळेचे वेगवेगळे काढून घ्या. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, एप्रिल म्हणजे ३, हेही लक्षात असू द्या. लवकर झोपणाऱ्या गावात हा बग वर्षभर लपला असता.

लोकमान्यनगर
लोकल स्टोरेजवर, म्हणजे ब्राउझरमधल्याच साठ्यावर, भागवत असाल तर सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) डाउनलोडचं बटण आधी करा. डेटा त्या एका ब्राउझरपुरता असतो; आईच्या मोबाइलवर दिसत नाही, आणि कुणी ब्राउझरमधला साइट डेटा साफ केला की गेला. बाकी, आकड्यांना मराठीचं लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) लावलं की देवनागरी अंक येतात, लाखाचा स्वल्पविरामही जागच्या जागी. तेव्हापासून आजीसुद्धा बघते.

रामबाग
दुधाचं कसं केलंत कुणी? रोजचं माप ठरलेलं, बिल महिन्याने, मध्ये खाडे. रोज नोंद करणं माझ्याच्याने व्हायचं नाही.

सुदामानगर
काकू, रोजची नोंद हवीच कशाला? भाव आणि माप एकदाच ठेवा, फक्त खाडे आणि जादाचं दूध टिपा. दिवस वजा खाडे, गुणिले माप, त्यात जादाचं मिळवा, मग गुणिले भाव. भाव वाढला तर तो जुन्या ओळीत खोडून नवा लिहू नका. जुनीला शेवटची तारीख घालून नवी ओळ उघडा, नाहीतर मागची सगळी बिलं नव्या भावाने फुगतील.