पंपाशेजारचा अळू (सोसायटी ग्रुप, वडोदरा)

ए-१०४: पंपाशेजारी अळू माजलाय. ऋषिपंचमीच्या भाजीला पानं काढू का? फोटो टाकलाय.

बी-३०१: काकू, थांबा. फोटोत दोन वेगळी झाडं आहेत. भिंतीलगतची चकचकीत पानं, टोक आभाळाकडे, तो ॲलोकेशिया, अळूसारखा दिसतो पण खायचा नाही. पुढची झुकलेली, मखमली, तो आपला अळू.

ए-१०४: वाऱ्याने पानं कशीही वळतात रे.

बी-३०१: मग पान उलटं करा आणि देठ कुठे जुळलाय ते बघा. अळूचा देठ खाचेपासून बराच आत, पानाच्या पाठीला चिकटतो. ॲलोकेशियाचा थेट खाचेत. पाणी शिंपडलंत तर अळूवर थेंब पाऱ्यासारखे घरंगळतात. मात्र वीतभर रोपांवर देठाची खूण लावू नका, कोवळ्या ॲलोकेशियाचा देठही किंचित आत असतो.

डी-२०२: कॅलेडियमचाही देठ आतच असतो हं! पानावर लाल-पांढरे ठिपके किंवा गुलाबी शिरा दिसल्या की ते शोभेचं, खायचं नाही.

ए-१०४: आणि काळ्या देठाचा?

डी-२०२: तो वडीला, हिरव्या देठाचा फदफद्याला. खाजरे सुईसारखे स्फटिक खायच्या अळूतही असतात, म्हणून चिंच हवीच आणि शिजायलाही पूर्ण हवं. वडीचा उंडा जाड झाला की मधलं पान कच्चं राहतं आणि घसा धरतो. पाच-सहा पानांचाच करा, जाड शिरा सुरीने तासा, वीस मिनिटं वाफवा. ॲलोकेशियाला मात्र चिंचही वाचवत नाही.

सी-४०२: कुंपणाकडची गोल पानांची वेल ब्राह्मी ना?

बी-३०१: दादा, तिथेही देठच बघा, पण निकाल उलटा! मंडूकपर्णीचा, म्हणजे ब्राह्मी म्हणतात त्या वेलीचा, देठ खाचेत, पान मूत्रपिंडासारखं, कडेला बोथट दाते. पान पूर्ण गोल आणि देठ मधोमध, छत्रीसारखा, तर ते हायड्रोकोटाइल. नर्सरीत कॉईन प्लांट म्हणून मिळतं ते.

सी-४०२: आमच्याकडे कुंडीत आहे ती बारीक, जाडसर पानांची. तीही ब्राह्मीच म्हणून दिली होती.

डी-२०२: ती जलब्राह्मी. पानं चमच्यासारखी, एक-दोन सेंटीमीटर, समोरासमोर जोडीने, फूल फिकट जांभळं. लोक दोघींनाही ब्राह्मीच म्हणतात, तेव्हा वैद्यांकडे जाताना फांदीच घेऊन जा. कुंपणाकडची तोडू नका, तिथे गटाराचं पाणी मुरतं.

ए-१०४: बरं. पंपाकडचं उलटून बघते, मग फोटो टाकते.

बी-३०१: पाठीचा टाका, काकू. देठ दिसू दे.