शेजारच्या मांयच्या महिन्याच्या मिसाला दोन शब्द बोलायचेत, काय बोलू?

बार्देसकार:
नमस्कार मंडळी. म्हापशाजवळ आमच्या वाड्यावर शेजारच्या घरातली मांय गेली. आख्खा वाडा तिला मांयच, म्हणजे आईच म्हणायचा, हिंदू काय नि ख्रिस्ती काय. आता चर्चमध्ये तिचं महिन्याचं मीस, म्हणजे जाऊन महिना झाल्यावरची प्रार्थना, आहे आणि तिच्या थोरल्या मुलाने मला सांगितलंय की तू दोन शब्द बोल, तू तिच्याच हातचं खाऊन वाढलास. मी विचारलं काय सांगू, तर म्हणाला अरे ती घरातच असायची, नोकरी नाही काही नाही, देवभक्त होती म्हणून सांग. ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

नवरा तारवटी, वर्षातले बरेच महिने बोटीवर. घर, सासू, चार पोरं, पाडेलीला (माडावर चढणाऱ्याला) बोलावून नारळ पाडून घेणं, पावसाआधी कौलं शाकारून घेणं, सगळं तिने एकटीने ओढलं. माझी आई शाळेत शिकवायची म्हणून मी दुपारी त्यांच्याकडे. मांय आदोळीवर बसून नारळ खोवायची, ओठ सारखे हलत असायचे, आणि मधेच मला पोईत गूळखोबरं भरून द्यायची.

संध्याकाळी चर्चची आंजेलची घंटा झाली की टीव्ही बंद, सगळे आल्तारासमोर (घरच्या देव्हाऱ्यासमोर) गुडघ्यावर, तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू. मी मागे बाकड्यावर. पन्नास नमान मारी (मारीयेच्या प्रार्थना) झाल्या तरी तिचा तेर्स संपायचा नाही, कारण पुढे तिची स्वतःची यादी असायची, एक बोटीवरच्या सगळ्यांसाठी, एक अल्मांसाठी (मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी), एक वाड्यात कोण आजारी असेल त्याच्यासाठी, बाबा बांबोळीला ऍडमिट होते तेव्हा रोज एक त्यांच्यासाठी, नाव घेऊन. मग पोरं एकेक करून बेसांव (आशीर्वाद) मागायची, मी पण त्यांच्यामागे उभा राहायचो आणि मलाही ती तस्साच कपाळावर हात ठेवून द्यायची.

तर प्रश्न असा की मिसात हिंदूने बोललेलं चालतं का, मराठीतून चालेल का, आणि मुख्य म्हणजे जन्मभर घरात राबलेल्या बाईबद्दल चर्चमध्ये उभं राहून नेमकं काय बोलतात?

सासष्टीकार:
देव तिला सासणाचा विसव दिंव. चालतं रे, अजिबात घाबरू नकोस. फक्त एक लक्षात ठेव, शेर्मांव (प्रवचन) फादरचाच, त्या जागी मेलेल्या माणसाचं गुणगान करायचं नाही हा मरणाच्या मिसाचा चर्चचा नियमच आहे. घरच्यांपैकी नाहीतर दोस्तांपैकी कोणी आठवण सांगायची असेल तर ती कोमुन्यांव, म्हणजे मिसातला प्रसाद, झाल्यावर, शेवटच्या प्रार्थनेनंतर. म्हणून आधी विगाराला (चर्चच्या मुख्य फादरला) भेट, किती वेळ देतात ते विचार, आणि कागदावर लिहूनच ने, कारण आल्तारासमोर उभं राहिलं की भल्याभल्यांचा आवाज जातो. कोमुन्यांवच्या रांगेत तू जायचं नाहीस, जागेवरच थांब, त्यात कोणाला काही वाटत नाही.

आणि तिच्या मुलावर रागावू नको. आमच्यात कोणी गेलं की पहिला महिना घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, पोरांना आई आठवायला फुरसतच मिळत नाही. तो जे बोलू शकत नाही तेच त्याने तुझ्याकडे दिलंय.

फोंड्याची:
"घरातच असायची" हे वाक्य मी माझ्या आईबद्दल पण ऐकलंय आणि प्रत्येक वेळी डोकं फिरतं. घरात असायची म्हणजे काय करायची ते सांग ना सगळ्यांसमोर! पुरुमेंताचंच, म्हणजे पावसासाठीच्या साठवणीचंच घे. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद, पूर्वी तर पावसात मासळीबाजार ओसच पडायचा, म्हणजे पावसात घर काय खाणार हे मे महिन्यातच ठरवावं लागायचं, सुकी सुंगटां (कोळंबी), खारे बांगडे, सोलां (आमसुलं) वाळवणं, मिरची, माडाचा विनाग्र, वर्षाचे तांदूळ, आणि हे सगळं बोटीवरून जेवढे पैसे येतील तेवढ्यात. एखादा महिना पैसे उशिरा आले तर दुकानदाराकडे तोंड कोणाचं दिसायचं? तिचंच. हा हिशोब जिने जन्मभर सांभाळला तिच्याबद्दल बोलायला हुद्दा कशाला हवा.

माझं ऐकशील तर "प्रेमळ, कष्टाळू, देवभक्त" असली विशेषणं टाकूच नको, ती कोणालाही लागू पडतात. तू वर लिहिलंस ना नाव घेऊन नमान मारी, ते बोल. देवभक्त म्हणजे काय ते त्या एका गोष्टीतच कळतं.

डिचोलीकार:
फोंड्याचीशी सहमत. आणि मराठीचा संकोच कशाला, फादर थॉमस स्टीफन्सनी 1616 साली ख्रिस्तपुराण मराठी ओवीतच आणलं, तेही आपल्या गोव्यात. तरी घरात ती कोंकणी बोलायची ना, मग तिची वाक्यं कोंकणीतच ठेव, बाकी मराठीत बोल, बार्देसात सगळ्यांना समजतं.

आमच्याकडे शिरगावची लईराई देवी आणि तुमच्या म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्र सायबीण (मारीया) बहिणी मानतात. माझी आजी सायबिणीच्या फेस्ताला (सणाला) तेल घेऊन म्हापशाला जायची, रांगेत हिंदू ख्रिस्ती सगळेच, आणि तिथे ओळख झालेल्या एका ख्रिस्ती बाईकडे ती शेवटपर्यंत चवथीच्या नेवऱ्या पाठवत होती. त्यामुळे तू बोलायला उभा राहिलास तर चर्चमधल्या जुन्या माणसांना त्यात नवल वाटणार नाही. तुमच्या दोन घरांत काय देणंघेणं होतं ते आठव, तिथे तुला खूप सापडेल.

बार्देसकार:
सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. विगाराला भेटून आलो, कोमुन्यांवनंतर तीन मिनिटं दिलीत, आणि मराठी चालेल म्हणाले.

डिचोलीकार, तुमचं वाचून रात्री आईशी बोलत बसलो तर तिने सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. श्रावणात आमच्या घरी मासे नसायचे, तर मांय तेवढा महिना आमच्या बाजूची खिडकी लावून घेऊन मासे भाजायची. उकाड्यात, चुलीच्या धुरात. आईने तिला कधी सांगितलं नव्हतं आणि तीही कधी बोलली नाही. नाताळच्या कोंसवादाचं, म्हणजे फराळाचं ताट पण आमचं वेगळं यायचं, दोस, नेवऱ्या, दोदोल, अंड्याचं एकही नाही, कारण आजी अंडं खायची नाही हे तिला पक्कं ठाऊक. आजी गेल्यावरही ताट तसंच येत राहिलं.

तर खिडकी, नाव घेऊन म्हटलेली नमान मारी, आणि पुरुमेंताचा हिशोब, एवढंच बोलणार आहे. हिशोबाचं तिच्या मुलाला विचारलं तर तो आत गेला आणि तिची वही घेऊन आला, किराणा, पाडेलीची मजुरी, शाळेची फी, सगळं तारखेसकट, आणि मधेमधे मिसाला दिलेले पैसे कोणाच्या अल्म्यासाठी ते लिहिलेलं. त्यात माझ्या आजीचं नाव आहे. वाचता वाचता तो तिथेच बसला, मग म्हणाला तू बोलून झाल्यावर मी पण थोडं बोलतो.

सासष्टीकार, लिहून झालं की पाठवतो, माझी कोंकणी वाक्यं एकदा तपासून द्या.

सासष्टीकार:
पाठव, आजच बघतो. आणि मुलगाही बोलणार असेल तर फादरला आधी सांगून ठेव, तीन मिनिटं दोघांना पुरायची नाहीत.