ब्रिटिश पद्धतीचं जेवण हॉटेलात जेवलात का? अनुभव लिहा

इंग्लंडला जाऊन आठ दिवस करीच खाऊन आलेले लोक खूप भेटतात, म्हणून हा धागा. तिथलं जुन्या पद्धतीचं जेवण कोणी जेवलं असेल तर लिहा, काय मागवलं, काय आवडलं, कुठे फसलात. सुरुवात मीच करते. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही लंडनमध्ये रूल्सला गेलो, मेडन लेनवरचं, १७९८ सालचं. भिंतीवर शिंगं, जुनी चित्रं, बसायला लाल मखमली बाकं. ह्यांनी फेझंट घेतला, वेटरने आधीच सांगितलं की पक्षी बंदुकीने मारलेला असतो, छर्रा दाताखाली येऊ शकतो तर सावकाश चावा, आणि खरंच एक आला. मांस कोंबडीपेक्षा घट्ट, चवीला रानातलं. महाग पडलं पण परत जाईन.

—

मी लीड्सला शिकायला होतो. रविवारी पबमध्ये रोस्ट असतं, भाजलेलं मांस, बटाटे, गाजर, वर ग्रेव्ही. ताटात यॉर्कशर पुडिंग पण आलं. पुडिंग म्हणजे गोड असं धरून मी ते शेवटाला बाजूला ठेवलं, तर शेजारच्या टेबलावरचे आजोबा म्हणाले, अरे बाळा गार झालं की मजा गेली, आमच्याकडे हे ग्रेव्हीबरोबर सगळ्यात आधी खायचे, पोट भरलं की मांस कमी लागायचं. मैदा, अंडी, दूध एवढंच, पण तेल धूर येईपर्यंत तापवून त्यात पीठ ओततात म्हणून फुगतं. बाहेरून कुरकुरीत, आत पोकळ. त्या दिवसापासून मी पण आधी तेच खातो.

—

शाकाहारी लोकांनो, विचारल्याशिवाय काही मागवू नका. यॉर्कशरमध्ये एका दुकानात मी निवांत चिप्स खाल्ल्या आणि नंतर कळलं की त्या बीफच्या चरबीत तळतात. फार वाईट वाटलं, दोन दिवस जेवण गेलं नाही. वाफवलेल्या जुन्या पुडिंगांमध्ये स्यूएट म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी असते, गोड पुडिंगातसुद्धा. वूस्टर सॉसमध्ये मासे असतात, आणि तो वेल्श रेअरबिट म्हणजे चीज टोस्टमध्ये घालतात. विचारलं की लोक नीट सांगतात, पण विचारावं आपणच लागतं.

—

आम्ही मालवणचे, त्यामुळे मासा म्हटलं की जायचंच. लंडनमध्ये टॉवर ब्रिज रोडवर मॅन्झेचं पाय अँड मॅशचं दुकान, १९०२ पासून त्याच कुटुंबाकडे आहे. हिरव्या-पांढऱ्या टाइल्स, संगमरवरी टेबलं, लाकडी बाकडी. बीफच्या खिम्याचा पाय (pie, म्हणजे आत खिमा भरून भाजलेली पेस्ट्री), कुस्करलेला बटाटा, वर हिरवा रस, त्याला लिकर म्हणतात पण दारू नाही, पार्सलीचा रस्सा. पूर्वी ईल, म्हणजे सापासारखा लांब मासा, शिजवलेल्या पाण्यातच करायचे. काटा आणि चमच्याने खातात, सुरी नाही. वरून मिरचीचं व्हिनेगर घातलं आणि जीव शांत झाला. जेलीतली गार ईल मात्र बाबांनी एकट्याने संपवली, वामीसारखी लागते म्हणाले, कोकम असतं तर अजून दोन वाट्या खाल्ल्या असत्या.

—

मशी पीज बद्दल कोणीच लिहिलं नाही! सुके वाटाणे रात्रभर सोडा घालून भिजवतात, मग शिजवून घोटतात. मला तर थेट वाटाण्याची उसळ आठवली, फोडणी न दिलेली. आणि स्टिकी टॉफी पुडिंग सोडू नका, खजुराचा गरम केक, वर टॉफी सॉस. त्यात आई खजूर ओळखेल का बघायचं होतं, तिने पहिल्या घासाला ओळखला आणि पाककृती मागायला किचनपर्यंत गेली.