प्रति: मन मोठं की तिजोरी रिकामी?

वर कुणीतरी म्हटलंय की मुक्त झालेल्या गुलामांना ‘ऑगस्टालिस’ म्हणजे सम्राटपूजेचे मानकरी करणं हा रोमन लोकांच्या मनाचा मोठेपणा. मला नाही बुवा पटत. इ.स. २४ च्या कायद्याने गावच्या सत्तेची पदं त्यांना बंदच होती, पण पैसा तर बक्कळ, मग मान द्यायचा आणि खेळ, जेवणावळी, बांधकामं त्यांच्या खिशातून करून घ्यायची, असा सगळा हिशेब! पाँपेई या रोमन शहरात नेवोलेया टिके नावाच्या बाईने बांधलेली कबर बघा, एका बाजूला जहाज कोरलंय, दुसऱ्या बाजूला म्युनाटिउस फाउस्टुस या ऑगस्टालिसला गावसभेने दिलेलं मानाचं रुंद आसन. मेल्यावरही खुर्ची सोडली नाही पठ्ठ्याने. बाकी या मुक्त गुलामांच्या मुलांना पदांची ती आडकाठी नव्हती, पोपिदिउस केल्सिनुस तर ६ वर्षांचा असताना गावसभेत, कारण इसिस देवीचं देऊळ त्याच्या नावाने पुन्हा बांधलेलं.