अंग हाताने चोळता की फडक्याने? (अनुभव धागा)

शेवंती
परवा नातीला न्हाऊ घालताना सून म्हणाली, “आई, फडका नको, हातानेच साबण लावा,” आणि मला माझी आई आठवली. जाडसर सुती फडका घेऊन ती मानेमागून सुरुवात करीत असे, आम्ही भावंडे ओरडत असू, आणि मळाच्या वळकुट्या दाखवून “बघ, काय निघतंय ते!” असे ती मोठ्या विजयाने म्हणत असे. आता मी हातानेच साबण लावते. पाठ मात्र फडक्यावाचून स्वच्छ झाल्यासारखी वाटत नाही. आपापल्या सवयी सांगाव्यात, संकोच नसावा.

टिपकागद
शेवंतीताई, वळकुट्यांचा पुरावा आमच्याही घरी सादर होत असे. पुढे जीवशास्त्र शिकविताना लक्षात आले की, त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील मृत पेशी सतत सुटत असतात. तरुण माणसाची बाह्यत्वचा साधारण ४ आठवड्यांत नवी होते आणि वय वाढेल तसा हा काळ लांबतो. त्यामुळे भिजलेले अंग पुरेशा जोराने घासले, तर कालच आंघोळ केलेल्या माणसाच्याही वळकुट्या निघतात. आपल्या आयांचा खटला न्यायालयात टिकला नसता! हाच थर अंगातील ओलावा धरून ठेवतो, म्हणून तो रोज खरवडून काढण्याचे प्रयोजन मला तरी दिसत नाही.

दुपारवेळ
कपडे वाळत घालता घालता लिहीत आहे. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, काखेतील जिवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा तो येतो, हे वाचल्यापासून मी काखा, जांघा आणि पाय एवढ्यांनाच रोज साबण लावते व उरलेल्या अंगावर नुसते पाणी घेते. माझ्या यजमानांच्या मते ही अर्धी आंघोळ आहे. ते स्वतः फेसाखाली दिसेनासे होईपर्यंत घासणी फिरवितात, आणि पुष्कळदा ती माझी असते.

रानजाई
दुपारवेळ, घासणी ताबडतोब वेगळी करा!
माझ्या थोरल्या बहिणीच्या गळ्याखालच्या हाडांवर आणि पाठीच्या वरच्या भागात तपकिरी, जाळीदार डाग पडले होते. ते मळासारखे दिसत, म्हणून ती नायलॉनच्या खरखरीत घासणीने आणखी जोर लावी, आणि डाग अधिकच गडद होत. त्वचारोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न घासणीविषयीच विचारला. जिथे त्वचेखाली लगेच हाड असते तिथे सततच्या घर्षणाने असा रंग साचतो. जपानमध्ये नायलॉनच्या टॉवेलने अंग घासणाऱ्या लोकांत हे डाग विशेष आढळल्याचेही त्यांनी सांगितले. घासणी बंद केल्यावर डाग फार सावकाश फिके झाले, पूर्णपणे गेलेले नाहीत.

पहाटवारा
माझा अनुभव दुसऱ्याच टोकाचा आहे. वडील अंथरुणाला खिळल्यानंतर फडका हीच त्यांची आंघोळ झाली, आणि घरी येणाऱ्या परिचारिकेने मला तिची रीत शिकविली. कोमट पाण्याची दोन भांडी घ्यायची, एक साबणाचे आणि एक साधे. डोळे सर्वांत आधी, साबणाशिवाय, नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या दिशेने पुसायचे आणि दुसऱ्या डोळ्यासाठी फडक्याचा दुसरा कोपरा वापरायचा. मग चेहरा, हात, छाती, पाय, पाठ. गुह्यांग शेवटी, पाणी बदलून आणि वेगळ्या फडक्याने. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवायचा, त्वचेच्या घड्या टिपून कोरड्या करायच्या, आणि माकडहाडाजवळ किंवा टाचेवर लाली दिसली, तर तिथे मुळीच चोळायचे नाही, कारण दाबाने होणाऱ्या जखमांची सुरुवात तिथेच असते. आयुष्यभर कोणाला अंगाला हात लावू न देणारे वडील सुरुवातीला डोळे मिटून पडून राहत. पुढे पुढे “पाठीवरून अजून एकदा फिरव” असे स्वतःहून म्हणू लागले.

शेवंती
पहाटवारा, शेवटचे वाक्य वाचून काही वेळ काहीच लिहिता आले नाही. ही रीत मी वहीत उतरवून घेतली आहे.

ओंजळ
ज्यांच्या घरी इसब आहे त्यांनी फडका विसरावा, असे मी अनुभवाने सांगते. मुलाला कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत, सौम्य आणि सुगंधविरहित साबणाने, तोही हातानेच, न्हाऊ घालते. अंग न पुसता टिपते आणि ओलसर असतानाच मलम लावते. त्याच्या दंडांवरचे बारीक खरखरीत पुरळ घासून जातील, असे एका नातेवाईक बाईंचे ठाम मत होते. ते घासण्याने जात नाहीत, लाल मात्र होतात.

टिपकागद
वापरणाऱ्यांनी निदान घासणी वाळवावी. घोसाळ्याच्या वाळलेल्या फळाची जाळी असो वा प्लॅस्टिकची, तिच्या फटींत मृत पेशी अडकतात आणि सतत ओल राहिली की जिवाणू वाढतात. दाढी केल्यावर लगेच तिथे ती फिरवू नये. नैसर्गिक जाळी साधारण महिन्याने बदलावी. या बाबतीत सुती फडका मला बरा वाटतो, कारण तो गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळविता येतो.

दुपारवेळ
यजमानांना हे वाचून दाखविले. ते म्हणाले, “तरीच तुझी घासणी अधिक मऊ आहे.” आता यावर काय बोलावे?
शेवंतीताई, पाठीचे मात्र राहिलेच. माझा खांदा आखडल्यापासून माझा हात मागे पोहोचत नाही. लांब दांड्याचा ब्रश कोणी वापरला आहे का?

रानजाई
ब्रशचे केस टोचतात. त्यापेक्षा मऊ सुती कापडाची लांब पट्टी घ्या, दोन्ही टोकांना हात जाईल एवढे फासे शिवा आणि दुखरा हात खाली, कमरेशी ठेवून चांगल्या हाताने वरून ओढा. आई असेच करते.