काचपट्टी निगेटिव्ह म्हणजे गोचीडताप नाही, असं नव्हे

एकांनी लिहिलंय की जनावराच्या रक्ताची काचपट्टी (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी) निगेटिव्ह आली, म्हणून गोचीडताप (गोचिडांमुळे पसरणारा, बबेसिया, थायलेरिया किंवा अॅनाप्लाझ्मा या जंतूंचा आजार) नाही असं ठरवून टाकलं. कृपा करून असं करू नका, यात जनावर हातचं जातं.

आधी नमुना कधी आणि कुठून घेतला ते विचारा. औषध टोचल्यानंतर घेतलेल्या रक्तात जंतू सापडणं अवघड. बबेसियाचा संशय असेल तर मानेच्या शिरेपेक्षा कानाच्या किंवा शेपटीच्या टोकाचं रक्त चांगलं, कारण त्याची एक जात बारीक केशवाहिन्यांतच गोळा होते. थायलेरियात खांद्यापुढची गाठ सुजलेली असेल तर सुईने तिथलं पाणी काढून तपासायला सांगा. तांबड्या पेशींमध्ये काही दिसण्याआधीच गाठीतल्या पांढऱ्या पेशींत कॉखचे निळे पुंजके (थायलेरियाच्या जंतूंचे गोळे) दिसू शकतात.

उलटही होतं. बरं झालेल्या जनावराच्या रक्तात थोडे जंतू बराच काळ राहतात, पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) तर तेही पकडते. म्हणून पॉझिटिव्ह रिपोर्टसोबत ताप, हिमोग्लोबिन, डोळ्यांचा फिकेपणा हे सगळं जुळतंय का ते बघायलाच हवं.

कॉफीसारखी लघवी बबेसियात होते, पण व्यायल्यानंतर फॉस्फरस कमी पडला तरी होते. अॅनाप्लाझ्मात कावीळ दिसते, लघवी मात्र सहसा लाल नसते.

एवढी खातरजमा यासाठी की औषधं वेगळी आहेत: थायलेरियाला बुपार्वाक्वोन, बबेसियाला डिमिनाझिन, अॅनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन. जनावर फारच खालावलं असेल तर मात्र नमुना काढून घ्या आणि रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांकडून उपचार सुरू करा.