मदत हवी आहे: अकाउंट्समधून एमआयएसकडे (मॅनेजमेंटसाठी आकडेवारीचे रिपोर्ट बनवणं) वळावं की कॉस्टिंगकडे (उत्पादन खर्चाचा हिशेब)?

अंधेरीतल्या एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स बघते. बीकॉम, वय ३६. ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं, त्यानंतर आमच्याकडे बिलांच्या नोंदी आणि जीएसटीआर-२बीशी (जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणारं खरेदीचं विवरण) ताळमेळ सॉफ्टवेअरच करू लागलं. माझी नोकरी आहे, पण सोडून गेलेल्यांच्या जागा आता भरत नाहीत.

अॅडव्हान्स्ड एक्सेल शिकले, त्यातल्या पॉवर क्वेरीवर बँक रिकन्सिलिएशन (बँक स्टेटमेंट आणि आपल्या नोंदींचा मेळ) बसवलं. साहेब खूश झाले, जबाबदारी मात्र तीच. बाहेर अर्ज केले तर फोन येतात ते एन्ट्रीच्याच कामासाठी, याची खरी काळजी वाटते.

दोन वाटा दिसतात: एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि पॉवर बीआय (रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) शिकून एमआयएस, किंवा कॉस्टिंगसाठी सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या कोर्सचा इंटर टप्पा (पदवीधरांना थेट प्रवेश, परीक्षा जून-डिसेंबरमध्ये).

डोंबिवलीहून ये-जा आणि शनिवारीही ऑफिस, त्यामुळे अभ्यासाला रात्रीचा दीड तासच मिळतो. नोकरी सोडता येणार नाही, खर्च ४० हजारांपर्यंत झेपेल. सीएचा विचार करून झाला, तो नको.

पस्तिशीनंतर असा बदल केलेल्यांनी कृपया सांगा: मुलाखतीत प्रमाणपत्र बघितलं की स्वतः केलेलं काम? आणि सीएमए इंटरच्या दोन ग्रुपपैकी एकच पास झालेला असेल तर मुंबईत कॉस्टिंगमध्ये घेतात का?